न कापलेली बातमी

हबीब मास्टरांच्या दुकानातला पेपर कधीच अखंड नसायचा. सावद्यात बाकी कुठेही जा, न्हाव्याकडे किंवा चहाच्या टपरीवर, पेपरची पानं सुटी झालेली असायची, त्यावर भज्यांचं तेल सांडलेलं असायचं. मास्टरांच्या पेपरला मात्र खिडक्या असायच्या. सकाळी साडेनवाला शटर वर जायचं, मशीनवरची चादर निघायची आणि पहिलं कापड हातात घेण्याआधी खेळाचं पान कटिंगच्या फळीवर पसरलं जायचं. आधी खडूने खूण, मग ती भलीमोठी कात्री. जी ओळ पटली नाही ती चौकोनी कापून बाहेर. उरलेलं पान दाराजवळच्या दोरीला चिमट्याने टांगलेलं असायचं, आणि त्यातून पलीकडचे केळीचे ट्रक जाताना दिसायचे.

"हाई खोटं शे," एवढंच कापताना म्हणायचे. मास्टर मूळचे धुळ्याकडच्या सोनगीरचे. चाळीस वर्षं सावद्यात काढली तरी जिभेवरचं 'आहे'च्या जागचं 'शे' काही गेलं नाही. सावदेकर त्यांना त्यावरून चिडवायचे. मास्टर म्हणायचे, "अरे, गाव सोडलं, बोली कशाले सोडू?"

मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. घरची केळीची बाग भाऊ बघायचा, आणि मी मोटरसायकलवर तालुकाभर फिरून ग्रामसभेपासून कबड्डीपर्यंत सगळ्याच्या बातम्या पाठवायचो. म्हणजे त्या खिडक्यांमधला बराचसा मजकूर माझाच. एकदा मी 'हजारोंच्या गर्दीत रंगला अंतिम सामना' असं लिहिलं. मास्टर त्या सामन्याला होते, खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर त्यांनीच शिवले होते. दुसऱ्या दिवशी मी दुकानात शिरलो तर 'हजारोंच्या' जागी भोक.

"किती होते मग?" मी चिडून विचारलं.

"दोनशे बारा. मी मोजले. आकडा चुकला तं बातमी चुकली, पत्रकारभाऊ."

दुकानात बाकड्यावर कायम चार-दोन माणसं असायची. पंढरी आबा, जुने कबड्डीपटू, आता गुडघ्यांनी पार थकलेले. लतीफभाई, ट्रकचे मेकॅनिक, हाताला कायम ग्रीस. कुणाला शर्ट शिवायचा नसायचा. सगळे भांडायला यायचे. कोण फॉर्मात आहे, कुणाला उगाच संघात घेतलं, टीव्हीवाला कुणाची बाजू घेतो, यावर आबा आणि लतीफभाई असे तुटून पडायचे की नवं गिऱ्हाईक दारातूनच माघारी जावं. मास्टर पायाने मशीन चालवत ऐकायचे. फारच झालं की म्हणायचे, "जिंकनाऱ्याले कोनताबी सदरा बसतो. हारला त्याचं माप नीट घ्या."

आणि मग शकील होता. वीस-एकवीस वर्षांचा, केळीच्या घडांची गाडी भरणाऱ्या बापाचा मुलगा. बाप लवकर गेला, आईने कागदी पिशव्या चिकटवून वाढवला. सकाळी कालव्याच्या काठाने शकील पळायला लागला की शेतात पाणी भरणारी माणसं पाटाची दारं धरायची सोडून बघत राहायची. त्याला पहिली धावायची बनियन मास्टरांनी शिवून दिली. मास्टरांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. शकीलचं माप वहीच्या पहिल्या पानावर होतं आणि दर सहा महिन्यांनी ते नव्याने घेतलं जायचं. छाती अर्धा इंच वाढली तरी मास्टर बाकड्यावरच्या सगळ्यांना ते दोनदा सांगायचे.

त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला होता. धुळ्याला मोठी स्पर्धा होती, पाच हजार मीटर. पहिले तिघे पुढच्या शिबिराला जाणार होते. मास्टर दुकान बंद ठेवून शकीलबरोबर गेले. मीही गेलो, बातमीसाठी. सकाळी आठची शर्यत दहा वाजेपर्यंत रखडली, आणि धुळ्याचं मे महिन्यातलं दहाचं ऊन काय असतं ते ज्याने सोसलंय त्यालाच माहीत.

मी कुंपणाला टेकून उभा होतो. मी पाहिलं ते असं. सुरुवातीच्या रेषेजवळ शकीलने दोन्ही हात उचलून दुआ मागितली. एका स्वयंसेवकाने पाण्याची बाटली पुढे केली, त्याने मान हलवून नको म्हटलं. शिट्टी झाली. साडेअकरा फेऱ्या तो पुढे होता, कुणी जवळपासही नव्हतं. शेवटच्या फेरीच्या वळणावर त्याने कुशीला हात लावला, पाय अडखळले, आणि तो मातीत बसला. उठला, पुन्हा पळाला, पण तोवर पाच जण पुढे निघून गेले होते. नंतर तो टॉवेल तोंडावर घेऊन पडून राहिला. मास्टर त्याच्याजवळ बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मला बातमी पाठवायची घाई होती. मी त्याला काही विचारलं नाही. हे वाक्य लिहायला मला आज जड जातंय, म्हणून पुन्हा लिहितो: मी त्याला काही विचारलं नाही.

बातमीचं शीर्षक मीच दिलं होतं, 'रोजा जिंकला, शर्यत हरली'. आणि खाली, 'पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या शकीलला अखेरच्या फेरीत उन्हाने गाठले.' जळगाव ऑफिसातून फोन आला, शाब्बास म्हणाले. दोन दिवसांत ती बातमी मोबाइलवरून कुठल्या कुठे गेली. मुंबईहून एका वाहिनीची गाडी सावद्यात आली आणि शकीलच्या आईचं बोलणं दाखवून गेली.

बाकड्यावर तर रणच माजलं.

"खेळायले गेला तं खेळ ना भो," पंढरी आबा तावातावाने म्हणाले. "देव काय पळून जातो का? एक दिवस ठेवला नसता रोजा. तालुक्याचं नाव झालं असतं!"

"आबा, तुम्ही श्रावणात मटण खाता का?" लतीफभाईंनी विचारलं.

"मी धुळ्याले पळायले नाही जात श्रावणात!"

"पोराने ईमान नाही सोडलं, मेडल सोडलं. आमच्या मोहल्ल्यात हार घातले त्याला."

"हारच घाला. हारच आली पदरी."

दोघंही माझ्याकडे वळून म्हणायचे, तू लिहिलं ते बरोबर लिहिलं. दोघंही. मला केवढा आनंद झाला होता तेव्हा! त्याहून मोठा आनंद म्हणजे दोरीवर माझी ती बातमी अखंड टांगलेली होती. एकही खिडकी नाही. मास्टरांच्या कात्रीतून सुटलेली माझी ती पहिली बातमी. मास्टर मशीनवर वाकून कुणाच्या तरी शाळेच्या चड्ड्या शिवत होते आणि त्या दिवशी ते कुणालाच काही बोलले नाहीत. मला वाटलं, दुःख झालंय त्यांना.

शकील त्यानंतर दुकानात आला नाही. पुढच्या निवडीच्या वेळी एका प्रशिक्षकाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "रमजानात तुझा काय भरवसा?" जिथे जाईल तिथे लोक आधी रोज्याचं बोलायचे. कुणी पाठ थोपटायचं, कुणी टोमणा मारायचं. वेळ किती लावली, हे कुणी विचारायचं नाही. वर्षभरात त्याने पळणं सोडलं आणि धुळ्याला एका शाळेत खेळाच्या तासाला नोकरी धरली. मास्टरांनी पुढच्या स्पर्धेसाठी शिवून ठेवलेली निळी बनियन खुंटीवर तशीच राहिली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "येईल न्यायले."

चार वर्षांनी माझी जळगावच्या ऑफिसात बदली झाली. निघण्याआधी पँट शिवायला टाकली आणि सहज फुशारकी मारली, "मास्टर, एवढ्या वर्षांत माझी एकच बातमी तुम्ही कापली नाही."

मशीन थांबलं. बाकडं त्या वेळी रिकामं होतं.

"बस," ते म्हणाले. "माले सांग, तू त्याले इचारलं व्हतं का, रोजा शे का म्हणून?"

"नाही."

"नव्हता त्याचा रोजा. मीच तोडायले लावला. मुसाफिराले सूट शे, नंतर एक जास्तीचा ठेव म्हटलं. तो नाही म्हणत व्हता, मायले शब्द दिला व्हता त्याने. मी ऐकलं नाही. स्टेडियमच्या मागे, लिंबाखाली, मी त्याले सहा केळी चारली. वरून गिलासभर दूध. शर्यतीले अर्धा तास बाकी व्हता." त्यांनी चष्मा काढला. "केळीच्या मुलखातला मी. माले वाटे, केळ्यासारखी ताकद कशातच नाही. त्याच्या पोटात कळ उठली, पत्रकारभाऊ. ऊनबिन काही नाही. पाणी नको म्हटला, कारण पोटात जागा नव्हती."

मी म्हणालो, "मी खुलासा छापतो."

"छापू नको. तुनी बातमी त्याच्या मायने फ्रेम करून टांगेल शे. रोज पुसते. तिच्यापुढे त्याले खोटा पाडू? मी कात्री घेतली व्हती त्या सकाळी. पण खिडकी पाडली असती तं बाकड्यावरचे इचारतीन, खरं काय ते सांगा. काय सांगतो मी?" चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, "बठ्ठा, सारा गाव त्याच्या धर्मावर भांडला, आन् चूक माझी व्हती."

त्यानंतर प्रत्येक भेटीत मला ते थोडे अधिक वाकलेले दिसले. मोतीबिंदू झाला, हात थरथरायला लागले. गिऱ्हाईकं तयार कपड्यांच्या दुकानांत गेली. पण पेपर यायचा, आणि खिडक्या वेड्यावाकड्या का होईना, पडायच्या. मी जळगावात पेपरची पानं लावायचो, आणि एखादं चमकदार शीर्षक सुचलं की मला ती कात्री आठवायची. बऱ्याचदा मी ते शीर्षक बदलायचो. माझ्या नोकरीत मला याहून चांगलं कुणी काही शिकवलं नाही.

गेल्या वर्षी शकीलची आई गेली. चाळीस दिवस झाल्यावर मास्टरांचा फोन आला. "ते पान घेऊन ये. तुझ्या ऑफिसात असेल."

मी जुन्या फायलीतून पान काढून नेलं. पंढरी आबा आणि लतीफभाई दोघंही बाकड्यावर होते, मास्टरांनीच बोलावलं होतं. पान फळीवर पसरलं. मास्टरांनी बोटाने चाचपत विचारलं, "कुठी शे ती ओळ?" मी त्यांचं बोट त्या ओळीवर ठेवलं. त्यांनी खडूने खूण केली, आणि कात्री माझ्या हातात दिली.

"तुझं तू काप."

मी पाण्याच्या थेंबाची ओळ कापली. मग शीर्षकही कापलं. मास्टरांनी पान स्वतः दोरीला टांगलं आणि दोघांना सगळं सांगितलं, लिंबाचं झाड, सहा केळी, दूध, सगळं. आबांना हसू फुटलं, आणि हसता हसता ठसका लागला.

"म्हंजे लतीफ," ते म्हणाले, "आपुन इतकी वर्षं कायच्यावर भांडलो?"

"केळ्यांवर," लतीफभाई म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मास्टरांनी मला त्या पानाचा फोटो काढून शकीलला पाठवायला लावला. खाली काय लिहू विचारलं तर म्हणाले, "लिही, मास्टरने कापलं." दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. पुढे रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "काही बोलला का?" मी नाही म्हणायचो. "शाळेत काम असीन," ते म्हणायचे आणि फोन ठेवायचे. अठरा दिवस असे फोन आले. एकोणिसाव्या सकाळी लतीफभाईंचा आला.

मास्टरांच्या मातीला शकील आला होता. अंगाने भरलेला, कानाजवळ पांढरे केस. कब्रस्तानातून परतताना तो माझ्याबरोबर दुकानाशी आला. लतीफभाईंनी शटर उचललं. दोरीवर ते पान तसंच होतं. शकीलने ते वाचलं नाही, खिडकीच्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं. मग खुंटीवरची निळी बनियन काढून छातीशी धरून बघितली. कितीतरी लहान पडत होती.

"उत्तर का नाही दिलंस?" मी विचारलं. मला राग आला होता, आणि तो लपवायची माझी इच्छा नव्हती. "रोज विचारायचे."

"समोर येऊन सांगायचं होतं. फोनवर जमत नव्हतं. सुट्टी लागली की येणार होतो." तो बनियनची घडी घालत राहिला. "सहा नव्हती, भाऊ. आठ होती. मास्टर दूध आणायला गेले तेव्हा शेवटची दोन मी त्यांच्या माघारी खाल्ली. ते पुरे म्हणून गेले होते. मला भूक लागली होती."

लतीफभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी फळीवरचा खडू उचलला आणि पुन्हा ठेवून दिला. आकडा चुकला होता, आणि मास्टरांना तो सांगायला कुणी वेळेवर पोचलं नव्हतं.