डायरीतली आडवी रेघ

संमतीच्या फॉर्मवर सही करायला मी हात पुढे केला की ताई पेन स्वतःच्या खिशात ठेवायच्या. "सही नंतर. आधी सांगा, काय कळलं?"

नाशिकच्या एका कॅन्सर दवाखान्यात नव्या औषधाच्या चाचणीचं काम त्या बघायच्या. मी किनवटकडचा, सातवीतून शाळा सोडून सातपूरच्या कारखान्यात लागलेला, बायको गावीच. बिडीला कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. गाठीच्या जीनमध्ये एक बदल आहे, त्यावरच नेम धरणारी ही गोळी आहे, पण लागू पडेलच असं नाही, हे त्यांनी मला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा मी म्हणालो, "ताई, तुम्ही देव आहात."

"देवाला एवढे फॉर्म भरावे लागत नाहीत. काय कळलं ते सांगा."

त्यांचे शब्द मी बरोबर म्हणून दाखवले. मनात मात्र भलतंच धरलं, की तक्रार केली तर गोळी बंद होणार. खोलीवर रोज डायरी लिहायची होती, गोळी कधी घेतली, त्रास काय झाला. जुलाबांनी खोलीबाहेर पडवेना, तोंड फोडांनी भरलं. मी आपला लिहीत राहिलो, 'बरं आहे'.

पुढच्या खेपेला त्यांनी चहा दिला. पहिल्याच घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तोंड उघडा, दादा."

उघडलं. त्यांनी डायरी चाळली. "रोजच बरं? एवढी बरी तर मीपण नसते."

"काढून टाकाल ना मला?"

"लपवलंत तर पुढच्या माणसाला गोळी किती द्यायची, ते आम्हाला कसं कळणार?" मी घाईघाईनं खोडायला लागलो, तर हात धरला. "गिरगटायचं नाही. एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहा."

दुपारभर आम्ही आठवून आठवून लिहिलं. डॉक्टरांनी गोळी आठवडाभर थांबवली, मग कमी करून दिली. बंद नाही केली.

निघताना त्यांनी विचारलं, "घरी काय सांगितलंय?"

"खोकला आहे म्हणून."

त्या नुसत्या बघत राहिल्या. असं बघणारं माणूस तुम्हालाही कधी भेटलं असेल. जिन्यात बसून मी बायकोला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. ते ऐकायला बायको गावाहून आली, ताईंसाठी जवसाची चटणी घेऊन. त्यांच्या खुर्चीवर नवीन मुलगी होती. नवऱ्याच्या बदलीमुळे ताई मागच्याच आठवड्यात नाशिक सोडून गेल्या होत्या.

"हिलाच देऊन टाक," मी म्हणालो.

"हिनं थोडंच तुमाला फोन करायला लावला?"

डबा मांडीवर घट्ट धरून, दारातून आत येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत ती बाकावर बसून राहिली.