काचेमागचं नाव

तारांच्या जोडांना डाख लावताना उठणारा राळेचा तो उग्र-गोड धूर! जळगावात बाबांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत माझी थोरली बहीण, अक्का, त्या धुरात डोळे बारीक करून तासन्‌तास बसत असे. मासिकातल्या एका आकृतीवरून, टपालाने मागवलेल्या सुट्या भागांतून तिने वर्षभरात एक संगणक जुळवला. पडदा नाही, पेटी नाही. नुसत्या सोळा कळा आणि सहा लाल आकडे. वहीत लिहून काढलेल्या आज्ञा तिने एकेक कळ दाबून भरल्या आणि त्या यंत्राने पहिली बेरीज केली, तेव्हा ती हसलीसुद्धा नाही, बघतच राहिली. निर्मितीचा आनंद इतका निःशब्द असू शकतो?

त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं, धुळ्याकडच्या एका खेड्यात. तिचा संगणक विज्ञान प्रदर्शनाला पाठवताना अर्जावर बाबांनी माझं नाव घातलं. "ती तर चालली सासरी. तुझ्या तरी कामाला येईल." मी अकरावीत होतो, नाही म्हणण्याइतका मोठा होतो. पण तसं म्हणालो नाही. मग बक्षीस, इंजिनिअरिंग, नोकरी, मानसन्मान.

यंदा मी राहतो त्या शहरातल्या एका महाविद्यालयाने संगणकाच्या इतिहासाचं दालन उघडलं. उद्घाटक मी! घराघरांत हौसेने जुळवलेल्या असल्या चिमुकल्या यंत्रांनीच संगणकाला प्रयोगशाळांच्या कुलपांतून सामान्यांच्या हाती आणलं, असं मी रसाळपणे सांगितलं. अक्का दुसऱ्या रांगेत होती. तिचं नाव ओठांवर आलं आणि मी पाणी प्यालो.

नंतर ती काचेच्या पेटीपाशी गेली. आत तिचा संगणक, खाली माझं नाव. तिने काचेवर बोट टेकवलं, तशी तिथली विद्यार्थिनी नम्रपणे म्हणाली, "आजी, हात नका लावू. सरांनी स्वतः बनवलंय ते."

"हो का?" म्हणत अक्काने हात पदराखाली घेतला.

बसस्थानकावर मी म्हणालो, "अक्का, उद्याच पत्र लिहितो. पाटी बदलायला लावतो."

"तव्हय काबर नही सांगं?" तेव्हा का नाही सांगितलंस, एवढंच. चाळीस वर्षांत तिची बोलीही सासरची झाली होती. उत्तरासाठी न थांबता ती धुळ्याच्या बसमध्ये चढली.

पत्र लिहून झालं आहे. तीन महिने ते टेबलावर पडून आहे. त्या अर्जावर माझं नाव बाबांनी घातलं होतं; या पाटीवर ते मी राहू दिलं आहे.