पाहुण्यांचे पाणी

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही. त्यात मला मदत करणाऱ्या, नांदेडच्या प्रयोगशाळेतील डॉक्टरीणबाई नुकत्याच वारल्या, म्हणून हे सावकाश लिहून काढतो आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. ठाण्याच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचे नाव पुसून नवे रंगवले होते. दुष्काळ मात्र जुनाच. उदगीरकडच्या एका गावातून पोलीस पाटलाची खबर आली: धाकट्या भावाने थोरल्याला जेवायला बोलावून विष घातले. थोरला मेला होता. त्याची बायको उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पडून होती. भावांत बांधावरून जुना वाद होता. धाकट्याच्या घरात फवारणीच्या औषधाची बाटली मिळाली. शिवाय तेच जेवून तो आणि त्याची बायको धडधाकट. पंचनामा करून मी त्याला अटक केली.

व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातले अवयव, मिठाच्या पाण्यात ठेवून, सील करून, विषाच्या तपासणीला पाठवला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना कॉलऱ्याचाही संशय होता, म्हणून आतड्याचा एक तुकडा जमादाराने नांदेडला पोचवला. बाईंचा ठाण्यावर फोन आला.

"इन्स्पेक्टर, तुमच्या जमादारांनी लोणचं पाठवलंय."

विषाच्या तपासणीसाठी आम्ही सगळे मिठात ठेवतो. सवयीने त्याने हा तुकडाही तसाच ठेवला होता.

"मिठात जंतू मरतात. मेलेले माझ्या बशीत उगवत नाहीत. आजारी कुणी उरलंय? त्याचं ताजं पाठवा, मी देईन त्याच बाटलीत."

थोरल्याच्या बायकोच्या जुलाबाचा नमुना मी स्वतः नेऊन दिला. जमादार हसला. "आता बशीतली बुरशी जबाब देणार म्हणा की, साहेब!"

अहवालाची वाट पाहताना मी धाकट्याला पुन्हा समोर बसवले.

"जेवलात एकच?"

"हाव साहेब. एकाच भांड्यातलं."

"मग ते पडले, तुम्ही कसे नाही?"

तो म्हणाला, "पानी न्हाई एक."

"म्हणजे?"

"टँकरच्या पान्याला जंतू मारायच्या पावडरीचा वास येतो. आमी तेच पितो. पन भाऊ लई वर्सांनी दारात आला, साहेब. पाव्हण्याला वास मारतं पानी कसं द्यावं? बायकूनं ओढ्यातल्या झिऱ्याचं आनलं. गोड हाय ते."

मी त्या पाण्याचा नमुना घ्यायला गेलो. कोरड्या ओढ्यात माणसाच्या उंचीचा खड्डा, तळाशी गढूळ पाणी. धाकट्याची बायको वाटीने घागर भरत होती.

"टँकर सोडून इथं का?"

"रांगेत हुबं राहू देईनात. म्हन्तेत, इखारी हात लावू नको. तुम्ही त्यास्नी धरून नेलं त्या दिसापासून ह्येच पितो."

मी नमुना घेतला आणि घागर ओतून टाकली. झिऱ्यावर काट्या टाकायला लावल्या आणि शिपायाला तिच्यासोबत टँकरवर उभे केले. तिचे डोळे तेव्हाच खोल गेले होते. संध्याकाळी तिला दवाखान्यात हलवले.

नांदेडला बाईंनी बशी दाखवली. हिरवट थरावर पिवळे ठिपके. "या थरात कॉलऱ्याचा जंतू वाढतो, बाकीचे बहुतेक दबतात." एक ठिपका त्यांनी काचेवर द्रवात कालवला आणि सळईने उचलला. पाकासारखी लांब तार आली. दुसऱ्या काचेवर तसाच कालवलेल्या ठिपक्यात कॉलरा ओळखणाऱ्या सीरमचा थेंब टाकताच द्रव फाटला, त्याच्या गुठळ्या झाल्या.

"कॉलराच. झिऱ्याच्या पाण्यातही तोच. त्या माणसाला घरी पाठवा."

विषाचा अहवालही नकारार्थी आला. कोर्टात दोन्ही अहवाल दाखल करून मी त्याची सुटका करवली. त्याच दिवशी त्याची बायको गेली.

मी त्याला जीपने गावी नेले. गावकऱ्यांनी तिच्या शेवटच्या अंघोळीसाठी टँकरचे पाणी आणून ठेवले होते, भरल्या घागरी ओळीने. त्याने त्या घागरींकडे पाहिले आणि पोलीस पाटलाला म्हणाला, "लई झालं की, पाटील. तिला तांब्याभर पुरलं असतं."

तिला रांगेतून कोणी हाकलले, हे मी घरोघर विचारले. कोणीच पाहिले नव्हते.

तेव्हापासून अटक केल्यावर मी आरोपीच्या घरी एक फेरी मारत असे. कोठडीतल्या माणसाला वेळेवर पाणी देण्याचा नियम होता. त्याच्या घरच्यांना कोण देतो, हे पाहणे कोणाच्याच ड्युटीत नव्हते.