तांबडे दिवे लागले की मागे

चिंचणीच्या दादाने मला तो खलाशी होता त्याच जहाजावर लावलं. आठवीत शाळा सोडलेल्या दातिवऱ्याच्या पोराला एरवी कोण विचारतं? माझ्यासाठी त्याने बोईसरच्या एजंटाकडे खेपा घातल्या, पासपोर्टच्या फोटोसाठी स्वतःचा शर्ट दिला. हे मी विसरलेलो नाही. म्हणून त्याच्यावर रागावलं की माझी मलाच लाज वाटते. पण राग येतो, आजही येतो.

आम्ही जात होतो त्या उत्तरेकडच्या बंदरात हिवाळ्यात समुद्र गोठतो. पुढे बर्फ फोडणारं जहाज, त्याने केलेल्या वाटेने मागून आम्ही. वाट अशी अरुंद की वळायला जागा नाही. पुढचं जहाज जाड बर्फात अडकलं तर जागच्या जागी थांबतं. तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला दोन तांबडे दिवे लुकलुकतात आणि भोंगा वाजतो, चार आखूड, एक लांब. म्हणजे, मी अडकलोय, थांबा. आपण लगेच इंजिन उलटं फिरवायचं, आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, एकही माणूस ठेवायचा नाही. लोखंडावर लोखंड गेलं तर मधे जो असेल त्याचं पीठ.

हे आम्हाला शिकवलं कसं? जेवणघरात इंग्रजी फिल्म लावली आणि सह्या घेतल्या. "समझ गया?" "समझ गया." संपलं. काय समजलं ते कुणी विचारलं नाही. मी भित्रा, मी परत परत विचारत राहिलो, तर सगळे हसले. दादा सगळ्यात जास्त. "बर्फाला काय भितो रं? आपली पापलेटं त्यातच निजतात ना?"

त्या दिवशी मी वर ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, कॅप्टनशेजारी, समोर नजर ठेवायला उभा होतो. दादा आणि दुसरा एक खलाशी नाळेवर दोर मोकळे करत होते. समोर दोन्ही दिवे लागले. कॅप्टनने इंजिन उलटं फिरवलं आणि वॉकीटॉकीवर इंग्रजीत ओरडला, मागे या. दुसरा खलाशी पळाला. दादा पळाला नाही. त्याने जहाज धक्क्याला घासू नये म्हणून मधे धरतात तो दोराचा मोठा गोळा उचलला, कठड्यावरून वाकला आणि गोळा पुढे धरला.

तो काय करतोय ते त्या ब्रिजवर फक्त मला कळलं. भरतीला आमच्या खाडीत होड्या दाटीने आत येतात. एक दुसरीवर यायला लागली की जवळचा माणूस नाळेवर बसून पाय लावतो, मधे टायर सारतो, रेटतो. जो मागे सरेल त्याला गाव वर्षभर चिडवतं. होडी रेटता येते हो. हे भरलेलं जहाज होतं, आणि हा माणूस ते हातांनी थोपवायला निघाला होता.

मी कॅप्टनच्या हातातून वॉकीटॉकी ओढून घेतली. "मागं ये, दादा. होडी नाय ही. मरशील, मागं ये." पुढे एक शिवीही दिली, आईवरून. त्याने वर बघितलं, गोळा टाकला आणि पळाला. जहाज थांबलं तेव्हा दोन्ही जहाजांच्या मधे जेमतेम एका होडीपुरतं पाणी उरलं होतं.

जेवताना तो माझ्यासमोर येऊन बसला. "सगळ्या बोटीला ऐकवलंस. हितं आणलं कोणी तुला?"

"तूच. म्हणून ओरडलो."

"लागली का बोट? नाय ना? उगा बोंबललास."

ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. तो मेला असता तर चिंचणीला जाऊन वहिनीपुढे मी काय बोललो असतो? आणि कंपनीने तर कागद पुढे केला असता, ही बघा त्याची सही, त्याला सगळं शिकवलं होतं.

बंदर अजून पुढेच होतं. दुसऱ्या दिवशी दिवे पुन्हा लागले. या वेळी मीही डेकवर होतो. सगळे मागे निघाले, आणि दादाचा पाय पुढे पडला. मी मागून त्याचं जाकीट खांद्याशी धरलं आणि ओढत नेलं.

"सोड रं. जात नाय मी."

मी सोडलं नाही.

"लोकं बघतात."

"बघू दे."

तो तोंड फिरवून उभा राहिला. समोर दिवे लुकलुकत होते, आमचं जहाज थरथरत मागे सरत होतं, आणि त्याचा खांदा माझ्या मुठीत सारखा पुढे ओढ घेत होता.