हंसाबेन आक्काला काय म्हणाल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला नाही, मुलांना नाही. रोज देवापुढे दिवा लावते, तिथेसुद्धा हा विषय टाळून पुढे सरकते. देव काय बहिरा आहे? पण आज सांगायचं ठरवलंय. मध्ये अडखळले तर अडखळू द्या, पुन्हा सुरू करीन. आता मागे फिरणार नाही.

आधी मी कोण ते सांगते. माझा बाप खानदेशातून सुरतेला आला तेव्हा मी आईच्या पोटात होते. जन्म इथला, शाळा गुजराती, सातवीपर्यंत. घरात अहिराणी. भाजीवाल्याशी भांडायला लागले की त्याला मी गुजरातणच वाटायची. जिभेचा फार तोरा होता मला! आमच्या नवागाम वस्तीत गावाकडून नव्याने आलेल्या बायका दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, पोरांच्या शाळेत माझ्याशिवाय पाऊल टाकत नव्हत्या. मी सांगेन ते डॉक्टरचं, मी सांगेन ते मास्तरचं. मी खोटं सांगेन असं कुणाच्या मनातही आलं नसतं — माझ्याही नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. महापालिकेची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. सगळ्या पक्षांनी कुणाची तरी बायको, कुणाची तरी भावजय उभी केली. भाषण नवऱ्याने करायचं, बाईने हात जोडायचे. एकट्या हंसाबेन अपक्ष होत्या. जुन्या शहरातल्या निवृत्त शिक्षिका, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. बाकीचे गटार देऊ, लाइट देऊ म्हणायचे. ह्या बाई बोलायच्या बंधारणाबद्दल. बंधारण म्हणजे आपली राज्यघटना. आता सांगा, नवागामात घटनेवर कोण मत देणार?

त्यांना अहिराणी येत नव्हती आणि आमच्या बायकांना त्यांची मास्तरकीची गुजराती कळत नव्हती. मग मी. दुपारी पुरुषमाणसं एकतर कापडाच्या लूमवर नाहीतर रात्रपाळी करून घोरत असायची, तेव्हा खोल्यांच्या दोन ओळींमध्ये ताडपत्री बांधून सभा भरायची. पलीकडे लूमची खडखड, त्यामुळे घसा ताणून बोलावं लागे. माझ्या खांद्यावर हात ठेवून हंसाबेन सगळ्यांना सांगायच्या, "आ मारी जीभ छे." ही माझी जीभ आहे. काय फुलून जायची मी!

आणि मी सांगायचीही झकास. त्या म्हणाल्या, नळावर जात विचारू नका, घटनेपुढे सगळे सारखे. आमच्यातल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली, कारण बौद्धांच्या खोल्या शेजारच्याच गल्लीत होत्या आणि नळ एकच होता. मी घाबरले नाही, दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, मत नवऱ्याला विचारून देऊ नका. तेही सांगितलं, वर स्वतःची एक कोपरखळी मारली, बायका खदखदून हसल्या. जे मला महाग पडणार नव्हतं, ते सगळं मी छातीठोकपणे सांगितलं. त्याला हिंमत म्हणतात का? मी तेव्हा म्हणायची.

आता आक्का. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, ह्यांची एकुलती एक बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना कडेवर घेऊन वाढवलं ते तिने. तीही नवागामातच, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून. नवरा लूमवर, पदरात दोन मुली. सुरतेत येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. त्या थंडीत माझे सासरे, म्हणजे आक्काचे वडील, वारले होते. चोपड्याकडे त्यांनी स्वतः घेतलेली जमीन होती, कोरडवाहू, पण विहिरीची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी जाणार होतो. आमच्याकडे लेकींची आखाजी म्हणजे झोका, गाणी, सांजोऱ्या — आणि बाप गेलेला असला की भाऊ बहिणीला साडी नेसवतो आणि तिच्याकडून हक्कसोडचा अंगठा घेतो. असंच चालतं. कुणी त्याला वाईट म्हणत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही सगळं माझ्या नवऱ्यावर ढकलाल. तो लोभी नव्हता. तो म्हणाला होता, "आक्काने मागितलं तर निम्मं देऊन टाकू. तिने मला वाढवलंय." मागितलं तर. हे "मागितलं तर" माझ्या डोक्यात घर करून बसलं. सबंध जमीन विकली तर सुरतेतच दिंडोलीला पक्कं घर होत होतं. निम्मी विकली तर नव्हतं होत. पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढताना मी त्या घराच्या खिडक्यासुद्धा ठरवल्या होत्या.

आखाजीच्या आधीची सभा. हंसाबेन बोलल्या मुलींच्या वाट्यावर. "दीकरीनो पण सरखो भाग छे." मुलीचाही सारखा वाटा आहे. मी ते जरा मोघम सांगितलं — मुलगा-मुलगी सारखी मानावीत, असं काहीतरी. निभावलं असतं तेवढ्यावर. पण आक्का उठून उभी राहिली.

चारचौघींत कधी तोंड न उघडणारी आक्का. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून मला म्हणाली, "बाई शिकेल शे. तिले इचार. मी वाटा मांगा तं मनं माहेर तुटी जाई का?"

प्रश्न मी जसाच्या तसा गुजरातीत सांगितला. का सांगितला? तोही बदलता आला असता. सवयीने तोंडातून गेला. हंसाबेन पुढे आल्या, आक्काच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि तिच्याकडे बघत शांतपणे बोलल्या. मिनिट-दोन मिनिटं बोलल्या असतील. मग माझी पाळी.

आणि मी सांगितलं — बाई म्हणतात, कायदा आहे, पण कायद्याने नाती टिकत नाहीत. भावाशी वाटणी करणारी बहीण माहेराला पारखी होते. बहिणीचं मन मोठं हवं.

झालं. हेच ते.

इतक्या जणींत कुणालाच कळलं नाही का? एकीला कळलं. पुढेच बसली होती, सुरतेत मुरलेली. तिने चमकून माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि चटईची काडी उपसत बसली. तीही कुणाची तरी भावजय होती.

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाकून हंसाबेनच्या पायाला हात लावला. त्या बिचाऱ्या गोंधळल्या, त्यांना वाटलं, धीर आला म्हणून रडतेय. त्यांनी तिला पोटाशी धरलं. मी मध्ये उभी — दोघींची जीभ! घरी जाताना आक्का म्हणाली, "बाई भलती गोड बोलनी वं माय. मना मनम्हानं बोलनी." माझ्या मनातलं बोलली, म्हणे. आणि मत तिने हंसाबेनलाच दिलं. नवऱ्याला न विचारता.

आखाजीला तिने अंगठा दिला. साडी मी निवडली होती. हे पांडेसऱ्याच्या प्रिंटिंगच्या कारखान्यात कामाला होते, तिथून फॉल्टचा माल मिळायचा. पदराजवळ रंग जरा सरकलेला होता. निऱ्यांत दिसणार नाही, म्हटलं. जमिनीच्या बदल्यात फॉल्टची साडी — लाज वाटायला हवी होती. तेव्हा मला काटकसर वाटली.

हंसाबेन पडल्या, डिपॉझिटही गेलं. काही महिन्यांनी चौटा बाजारात भेटल्या. पिशवी तीच. माझा हात धरून पहिला प्रश्न केला, त्या बहेनने तिचा वाटा घेतला का? मी म्हटलं, "हा बेन, लीधो." घेतला. त्यांचा चेहरा असा उजळला! म्हणाल्या, "तो पछी हुं हारी नथी." मग मी हरलेच नाही. बाजारातल्या गर्दीत त्यांनी माझे आभार मानले. आता त्या नाहीत. तेवढं खोटं सोबत घेऊन गेल्या.

आक्का आहे. लूमच्या आवाजाने नवऱ्याचे कान गेले, मग काम गेलं. तिने घरी बसून साड्यांचे धागे कापले, वर्षानुवर्षं, आणि त्यात डोळे अधू झाले. धाकटीची शाळा सुटली. मी मात्र दिंडोलीच्या घरात, ठरवलेल्या खिडक्यांत बसून हे सांगतेय. दर आखाजीला साडी नेते. दर वेळी ती पोरींना सांगते, "त्या बाईने शहाणपण शिकवलं म्हणून माहेर राहिलं. बघा, तुमची मामी अजून येते." माझ्या तोंडावर सांगते हो! आणि मी सांजोरी खाते.

यंदा साडी नेणार नाही. मुलांना सांगितलंय, आक्का काय मागेल ते द्यायचं, घर मागितलं तर घर. मुलं कारण विचारतायत. आधी आक्काला सांगणार, मग त्यांना. तिने शिव्या दिल्या तर ऐकीन, दार लावलं तर परत येईन. ती गप्प बसली तर? त्याचीच धास्ती आहे, पण तरी जाणार. हंसाबेनचं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे. इतक्या वर्षांत एक अक्षर पुसलेलं नाही. आक्काला अहिराणीत सांगेन, इथे तुम्हाला साध्या मराठीत.

हंसाबेन म्हणाल्या होत्या — "बहेन, तू मागत नाहीयेस, ते तुझंच आहे. भावाचा जितका बाप, तितकाच तुझा. भावावर माया कर, त्याला ओवाळ, त्याच्या दुखण्याला धावून जा. पण एका साडीसाठी अंगठा देऊ नकोस. तुझा वाटा घेतल्याने तुटणारं माहेर साडीने टिकणार नाही. तुला दोन मुली आहेत ना? आई काय करते ते त्या बघतायत. आणि कुणी याच्या उलट सांगितलं, तर आधी बघ, त्यात त्याचा फायदा काय आहे."

एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हवे तुं कहे." आता तू सांग.