निळ्या फळ्या

लाकूड ओळखण्यात आख्ख्या इंडस्ट्रियल एरियात माझा हात धरणारा कोणी नाही. त्या सोमवारी मात्र मी दुपारपर्यंत चांगल्या फळ्या सडक्या समजून मशीनमध्ये घालत होतो.

मी सुतार, साताऱ्याकडचा. इथं आखातात, अल सद्दमधल्या एका कॉफी शॉपचा काउंटर करायचा होता. गुरुवारी तो बसवला की शनिवारी मी गावी. रविवारी नातीचं बारसं. बॅग भरून झालेली.

फळ्या अमेरिकेतल्या, पाइनच्या. पण पांढऱ्या लाकडात निळेकाळे पट्टे, शाई सांडल्यासारखे. आमच्या गावाकडं असलं लाकूड म्हणजे भिजलेला माल. पट्टा जाईस्तोवर रंधा मारायचा. कुणाला विचारलं नाही. विचारलं तर मी ओळखणारा कसला? रंध्याच्या मशीनमधून एकेक फळी काढली. निळं जाईना. परत घातली. तरी निळंच. म्हटलं ब्लेडला धार नाही. ब्लेड बदललं.

तेवढ्यात लीना मॅडम आल्या. आमच्या डिझायनर, वसईच्या.

"सर्जेराव, फळ्या पातळ का दिसतायत?"

"सडका माल पाठवलाय मॅडम. साफ करतोय."

मॅडम छिलक्यांच्या ढिगाशेजारी मटकन बसल्या. "अहो, क्लायंटनं निळं बघूनच मागवलंय!"

एका फळीच्या कडेला साल राहिली होती. मॅडमनी ती उचकटली. आत वाटाच वाटा, बारीक पटाशीनं कोरल्यासारख्या. एवढी सफाई माझ्या हाताला नाही.

"हे कुणी कोरलं?"

"किड्यानं. तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तिकडच्या डोंगरातली पाइनची जंगलंच्या जंगलं वाळवलीत त्यानं."

"एवढासा किडा एवढं झाड मारतो?"

"एकटा नाही. एकानं जागा धरली की वास सोडून बाकीच्यांना बोलावतो. झाड चीक सोडून त्यांना बाहेर ढकलतं. पण पाऊस कमी पडला की झाडाकडं चीकच नसतो. पूर्वी कडक थंडीत किडे मरायचे, आता थंडीही तशी पडत नाही."

"आणि हे निळं?"

"किड्याच्या अंगावरून बुरशी येते, तिचा रंग. लाकूड मजबूतच राहतं."

मला वर्कशॉपच्या गेटजवळच्या खजुराच्या झाडाची काळजी लागली. "आत एखादा जिवंत असला तर?"

"भट्टीत शेकून आणलंय. तुम्ही तुमच्या सुट्टीचं बघा."

चाळीस एमएमच्या फळ्या बावीसवर आल्या होत्या. एवढ्या पातळ फळीचा काउंटर वाकतो. म्हणून खाली प्लाय चिकटवला, तो दिसू नये म्हणून पुढची कड उरलेल्या निळ्या तुकड्यांची जोडली. काउंटर बसला रविवारी. क्लायंट त्यावर हात फिरवत राहिला, खूश. माझं विमान गेलं होतं, पुढचं तिकीट आठवड्यानं मिळालं. घरच्यांनी बारसं पुढं ढकललं. माझ्या रंध्यापायी नात आठ दिवस बिननावाची राहिली.

तेव्हापासून मशीनचं बटण दाबायच्या आधी मी विचारतो. काउंटर बसला त्या दिवशी मॅडमना तेवढं म्हणालो, "किड्यानं लईच नुकसान केलं बघा."

"किड्यानं नुसती साल खाल्ली, सर्जेराव. लाकूड तुम्ही खाल्लंत."