चांदीच्या तारेतली जाळ्याची गाठ

भंडाऱ्यात आमचं छोटं सोनारकामाचं दुकान आहे. घडाई नवऱ्याची, नक्षी माझी. तीन वर्षांपूर्वी एक मुलगी मोबाइलवर फोटो घेऊन आली. तिचं लग्न आयर्लंडच्या मुलाशी ठरलं होतं. तिकडे दागिन्यांवर गाठींची नक्षी काढायची फार जुनी रीत आहे म्हणे.

"मला असंच कडं हवंय," ती म्हणाली, "पण गाठ इकडची."

इकडची गाठ म्हणजे मला जाळ्याचीच आठवली. नदीपलीकडे कारध्याला एक मावशी लेकीकडे राहायच्या. जन्म मासेमारीत गेलेला. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. मी त्यांना गाठलं.

"आता कोन जाळं विनते, पोरी? बजारात तयार भेटते," त्या म्हणाल्या. पण मी पिशवीतून सुतळी काढली आणि त्यांनी ती माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

त्यांची गाठ बघून मी तारेचं कडं केलं आणि मोठ्या हौसेनं दाखवायला नेलं. मावशींनी गाठ नखानं खरवडली.

"हे काय लावलं?"

"चांदी वितळवून डाग दिलाय. सुटू नये म्हणून."

"डाग द्या लागते, तं गाठ कायले मारली?"

मी खजील झाले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच ऑटोनं पूल ओलांडून दुकानात आल्या. नवऱ्यानं तार तापवून मऊ करून दिली. दोनदा ती तुटली. "लय अकडू हाय हे," म्हणत मावशींनी तिसऱ्यांदा वळवली. ओढून पाहिली. गाठ हलली नाही.

मग गाठीवरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "घर सोडलं तवा जाळं खुटीवरच राहिलं. आमचे मालक म्हने, राहू दे, आता काय कामाचं. मीच विनलं होतं थे."

नवऱ्यानं उठून चहा सांगितला.

कडं न्यायला मुलगी आली, तेव्हा मी मुद्दाम मावशींना बोलावलं होतं. त्यांनी पदराला हात पुसून कडं तिच्या मनगटात चढवलं.

"तुह्या सासरी नदी हाय काय?"

"आहे ना, आजी. समुद्रही आहे."

"मंग जाळ्याचे लोक असतीनच," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

आता दर मंगळवारी त्या दुकानात येतात. माझ्या गाठी अजून त्यांना पसंत नाहीत.